पिंपातला घेवडा

दातवाल्यांनी उभ्या आयुष्यात कधी रोप लावलं नव्हतं. धंदा कवळ्या बनवायचा. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि हे मान खाली घालून दिवसभर मेणात दात बसवत राहायचे. त्यांचं खरं नाव बायकोलाही जरा आठवूनच सांगावं लागे.

नव्या घराच्या गॅलरीत कुंड्या होत्या आणि मधोमध कापलेलं, मातीनं भरलेलं एक पिंप. घरमालक म्हणाला, "आधीच्या मावशी मुलाकडे गेल्या. ठेवा, नाहीतर टाकून द्या." दातवाल्यांना हुरूप आला. घरची भाजी खायची!

कोथिंबीर वर आलीच नाही. मुळ्याला पाला भरघोस आणि खाली उंदराच्या शेपटीएवढा मुळा. टोमॅटोची रोपं पाणी घालून घालून कुजवली.

"अहो, झाडं आहेत ती," बायको म्हणाली, "कवळ्या नव्हेत पाण्यात बुडवून ठेवायला!"

मग त्यांनी पिंपात घेवडा टोचला. तो मात्र तरारून आला. वेलांना आधार द्यायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. सगळा पसारा जमिनीवर लोळत होता. एका संध्याकाळी कामावरून येऊन पाहतात तर काठ्या रोवलेल्या आणि प्रत्येक वेल चिंधीनं बांधलेला. गाठ सैल, पण सुटणार नाही अशी.

"अगं, काय सुरेख बांधलेस वेल!"

"मी? मी आत्ता येतेय ताईकडून. मला वाटलं, तुम्हीच सकाळी बांधून गेलात."

दोघं हसली. हसू अर्ध्यात विरलं. गॅलरीत जायला वाट एकच, स्वयंपाकघरातून, आणि घराच्या दाराला कुलूप होतं.

पुढे वेलांचे शेंडे खुडलेले दिसू लागले. दातवाले हळहळले, पण खुडलेल्या जागेखालून दोन-दोन फुटवे आले. ते पाणी घालायला विसरले की माती ओली असायची. बायकोनं कपडे गॅलरीत वाळत घालणं बंद केलं.

एका सुट्टीच्या सकाळी माती भुसभुशीत करताना खुरप्याला काहीतरी टणक लागलं. दातवाल्यांनी ते बोटांनी मोकळं केलं. वरच्या जबड्याची कवळी होती. घेवड्याची मुळं दातादातांतून गेली होती. धुऊन उजेडात धरली. डावा सुळा किंचित वाकडा होता. आपल्या हातचं काम त्यांनी ओळखलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एक म्हातारी स्वतः दुकानात येऊन बसली होती. "माझा सुळा वाकडा होता, तस्साच बसवा," ती म्हणाली होती. "सरळ दातांनी हसले तर आरशातली बाई मला ओळखायची नाही."

कवळी रुमालात गुंडाळून ते खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेले. वहिनींनी आधी दार लोटून घेतलं.

"मुलगा कुठला हो मावशींना? इथंच गेल्या त्या. पिंपाशी बसल्या-बसल्या, मातीत हात घालून. आम्ही उचललं तर तोंड बसलेलं. कवळी किती शोधली! मालक म्हणाला, कुणाला सांगू नका, जागा भाड्यानं जायची नाही."

दातवाल्यांनी दुकानात नेऊन कवळी घासली, चकचकीत केली आणि पाण्याच्या वाटीत घालून पिंपाशेजारी ठेवली. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचेना.

संध्याकाळी परतले तर वाटीत नुसतं पाणी. वाटीशेजारी घेवड्याची एक कोवळी शेंग, अर्धी खाल्लेली. त्यांनी ती चिमटीत धरून पाहिली. दातांच्या खुणांत एक तिरकी होती.

बायकोनं बॅग भरली. "मी ताईकडे चालले. तुम्ही येताय की इथंच राहताय तिच्यापाशी?"

"चार दिवस जाऊन ये," ते म्हणाले. आपला आवाज इतका शांत कसा, याचंच त्यांना नवल वाटलं. भीती होतीच. पण त्या शेंगेचा उरलेला तुकडा त्यांनी तोंडात टाकला. गोड होता.

बायको पंधरवड्यानं परतली. भाजी चिरताना अजून ती गॅलरीकडे पाठ करत नाही. दातवाल्यांनी यंदा वांगी लावलीत. एकही रोप कुजलेलं नाही. पाणी घालताना मागून कुणी हलकंच खाकरलं की ते झारी खाली ठेवतात. मागे वळून बघत नाहीत. बोट खुपसून माती तेवढी पाहतात. पाणी पुरेसं झालेलं असतं.