टिकट नंबरासकट पत्ता

कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला पत्ता विचारा, तो एका दमात चार ओळी सांगतो: वडिलांचं नाव, टिकट नंबर, सेक्शन आणि मग क्वार्टर. आमच्याकडे क्वार्टरांचे आकडे प्रत्येक टाइपमध्ये, म्हणजे लहान-मोठ्या घरांच्या प्रत्येक वर्गात, पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. नुसत्या क्वार्टर नंबरावर पत्र टाकलं, तर ते आधी भलत्यांच्या घरी वाचून व्हायचं आणि मग आमच्याकडे यायचं. म्हणून पोस्टमन टिकट नंबर बघायचा, म्हणजे कामगाराच्या हजेरीचा क्रमांक. बाबांचा तो क्रमांक मला शाळेतल्या रोल नंबराच्या आधी पाठ झाला होता.

बाबा जबलपूरच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात फिलिंग सेक्शनला होते. आत जाताना काडेपेटी गेटवर काढून ठेवायची, बाहेर येताना डबा उघडून दाखवायचा, आणि आत काय होतं ते घरी बायकोलाही सांगायचं नाही. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हे असं पाळलं की आईला त्यांच्या मशीनचं नावही ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या अगदी उलटी. पोटात गोष्ट राहायची नाही आणि नाकावर राग.

तेव्हा मी नेपियर टाउनमधल्या एका कोचिंगमध्ये प्रोग्रामिंग शिकवायची, आणि तास संपले की शेजारच्या सायबर कॅफेत जाऊन बसायची. जगभरातल्या हौशी लोकांचा एक गट होता. ते प्रोग्राम लिहायचे आणि फुकट वाटायचे, आतला कोडसुद्धा सगळ्यांना उघडा. प्रत्येक प्रोग्राम कुणीतरी नीट बांधून, तपासून, इतरांना सहज वापरता येईल असा ठेवायचा. त्या बांधणीला पॅकेज म्हणायचे, आणि ते सांभाळायचा मान एका माणसाकडे असायचा. ईमेलला कुलूप लावणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामचं पॅकेज बेवारस झालं होतं. सहा महिने मी त्यातल्या चुका दुरुस्त करून पाठवत होते, आणि ते माझ्याकडे यावं एवढी एकच इच्छा मला त्या काळात होती. लग्नाच्या स्थळांपेक्षा त्याची वाट मी जास्त पाहत होते, आणि आईला ते कळत होतं.

पण असल्या कुलपांवर अमेरिकेचा डोळा होता. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्या कायद्यात हे प्रोग्राम चक्क दारूगोळ्याच्या यादीत होते, आणि अजूनही परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवायची बंदी होती. म्हणून आमचा गट ही पॅकेजं युरोपातल्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवायचा. "बाबा, आता घरात आपण दोघं दारूगोळ्यात," असं मी एकदा म्हटलं. ते हसले नाहीत.

पॅकेज सांभाळणाऱ्याची ओळख पटवायला गटाकडून पोस्टानं एक कागद यायचा. फॉर्मवर पूर्ण पत्ता हवा होता. बाबा पेपर वाचत होते.

"बाबा, बाहेरच्या देशातून पत्र येणार आहे. पत्ता कसा लिहू?"

"जसा लिहितो तसाच लिही. टिकट नंबर टाक, नाही तर पत्र कुठं तरी भटकत राहील."

मी तसाच लिहिला. चारही ओळी, आणि वर कारखान्याचं नाव.

त्याच्या आधी आपल्या देशानं अणुचाचण्या केल्या होत्या, आणि चिडून अमेरिकेनं इथल्या संस्थांची एक लांबलचक यादी काढली होती. यादीतल्यांना तांत्रिक असं काहीही द्यायचं नाही. आमचा कारखाना त्या यादीत होता, हे मला माहीत नव्हतं. गटातल्या एका अमेरिकन माणसाला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात कॅफेत पत्रपेटी उघडली, तर त्यानं माझा अख्खा अर्ज गटाच्या सगळ्यांना उघड्या पत्रव्यवहारात टाकलेला. खाली सभ्य शब्दांत प्रश्न: हा पत्ता शस्त्रं बनवणाऱ्या प्रतिबंधित संस्थेचा आहे. ही व्यक्ती तिथे नोकरीला आहे का? हिला कुलपाचं पॅकेज दिलं तर आपल्यातले अमेरिकन लोक अडचणीत येतील का? वर बाबांचं नाव, टिकट नंबर, सेक्शन. जगात कुणालाही वाचता येईल असं.

चाचण्यांनंतर कारखान्यात पहारा कडक झाला होता. परदेशी माणसांशी संबंध नाही, असं बाबांनी लिहून दिलेलं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. हे पत्र कुणाच्या नजरेला पडलं असतं तर चौकशी लागली असती, आणि बत्तीस वर्षं डबा उघडून दाखवणाऱ्या माणसावर बाहेर माहिती दिल्याचा आरोप आला असता. मी तिथल्या तिथे गटाला लिहिलं, कृपा करून ते पत्र काढून टाका. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: आपल्याकडे जे जाहीर झालं ते कधीच काढत नाहीत, तोच आपला नियम. आणि काढायचं कारण काय, हेही विचारलं होतं. कारण सांगायचं म्हणजे कारखान्याशी आमच्या घराचा संबंध आहे हे जगासमोर कबूल करायचं. माझी ती विनंतीसुद्धा त्याच पत्राखाली जाहीर होऊन बसली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. क्वार्टरच्या भिंती पातळ, आणि दोन्ही बाजूंना बाबांच्याच सेक्शनची माणसं. रविवारी मी म्हटलं, "बाबा, ग्वारीघाटला येता का?" त्यांच्या स्कूटरवरून आम्ही नर्मदेवर गेलो. घाटाच्या पायरीवर बसल्यावर सगळं सांगितलं. नाववाला दोनदा विचारून गेला, "चलना है क्या, बाबूजी?" बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"काहून लपवून राहिली होती तीन दिवस?" एवढंच ते म्हणाले. उठताना म्हणाले, "त्या पत्राची छापील प्रत आण. उद्या आपणच सिक्युरिटीत जाऊन सांगू."

"बाबा, कोणी विचारलं नाही अजून. कुणाला कळणार पण नाही."

"मला कळलं ना."

मला त्यांचा भयंकर राग आला. आपण होऊन वाघाच्या तोंडात डोकं घालायला निघालेला माणूस, आणि त्यात माझंही डोकं. रागाच्या भरात मी परत जाताना ऑटोनं गेले.

दुसऱ्या दिवशी गेटजवळच्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या खोलीत आम्ही पाऊण तास बाकावर बसलो. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"ये सॉफ्टवेयर करता क्या है?"

"चिट्ठी में ताला लगाता है, सर," मी म्हटलं.

"किसकी चिट्ठी में?"

"किसी की भी."

हे उत्तर त्यांना आवडलं नाही. पण माणूस वाईट नव्हता. बाबांच्या पांढऱ्या केसांकडे बघून त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिख दीजिए कि बेटी ने आपसे बिना पूछे पता दे दिया. आपको जानकारी नहीं थी. बच्ची है, समझा देंगे. बात यहीं खत्म."

मी लगेच मान हलवली. घरून मी तेच ठरवून आले होते, सगळं माझ्यावर घ्यायचं. पेन मीच उचलून बाबांच्या हातात दिलं.

बाबांनी पेन टेबलावर ठेवलं. "पता मैंने ही बोला था, साहब. टिकट नंबर भी."

साहेबांनी कोरा कागद परत ओढून घेतला आणि म्हणाले, "तब तो ऊपर भेजना पड़ेगा."

बाहेर सायकल स्टँडपाशी मी रडले. बाबांना म्हटलं, एक ओळ खोटी लिहिली असती तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "बेटा, आठ महिने थांब. तोपर्यंत त्या लोकांना पत्र नको लिहू." जन्मात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी गटाला शेवटची एक ओळ लिहिली, की मला पॅकेज नको. पंधरा दिवसांत ते दुसऱ्या कुणाकडे गेलं.

वरून जे आलं ते बडतर्फीपेक्षा बरं आणि बाकी सगळ्याहून वाईट होतं. बाबांना लेखी ताकीद मिळाली आणि फिलिंग सेक्शनला जायची मनाई झाली. ज्यांना त्यांनी हाताला धरून काम शिकवलं होतं ती पोरं आत जायची, आणि बाबा स्टोअरमध्ये खिळ्यांची खोकी मोजत बसायचे. सेक्शननं निरोप समारंभ केला, तोही गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. त्याच्या थोडं आधीच अमेरिकेनं आपला नियम सैल केला होता. उघड्या कोडची कुलपं बाहेर पाठवायला आता एक ईमेल करून कळवलं की पुरे. मी ही बातमी घरी सांगितली नाही.

क्वार्टर सोडून आम्ही शहरातल्या अधारतालला राहायला गेलो. मी पुढे दुसरी पॅकेजं सांभाळली, गटात माझं नाव झालं. बाबांनी त्या दिवसाबद्दल पुन्हा शब्द काढला नाही आणि मीही माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

गेल्या वर्षी बाबा गेले. तेराव्यानंतर एका दुपारी मी त्यांचं नाव इंटरनेटवर शोधलं. त्यांचा तिथे फोटो नाही, बातमी नाही, काही नाही. फक्त ते एक पत्र आहे. नाव, टिकट नंबर, सेक्शन, क्वार्टर, मी टाइप केले होते तसेच.

या महिन्यात गटाकडून मला एक पत्र आलं. जुनी पत्रं नव्या सर्व्हरवर हलवताना लोकांची खाजगी माहिती काढून टाकायचं त्यांनी आता ठरवलंय. कुणा तरुण मुलीनं फार आदरानं लिहिलं होतं, की तुमची एक जुनी विनंती राहून गेली आहे, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत, ते पत्र आता काढू का?

मी उत्तर लिहिलं, काढू नका.