‘नाही’वर केलेली खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. आईला तर नाहीच — तिला माझं फार कौतुक. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापासून सुरुवात करते. ओळखत असलात तर — असू दे.

आधी मी कोण ते सांगते. आयर्लंडमध्ये स्लायगो शहराजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात मी क्वालिटीत आहे. प्रत्येक बॅचचे कागद माझ्या नजरेखालून जातात, माझी सही झाल्याशिवाय एक खोका गेटबाहेर पडत नाही. आणि माझ्या सहीचा खोका आजवर कधी परत आलेला नाही. हो, मिरवतेय. मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवतेय. एकदा एका मुरलेल्या ऑपरेटरने चार तासांची तापमानं नंतर बसून एका दमात भरली होती. मी त्याला सगळ्यांसमोर असा फैलावर घेतला, की महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. जे त्या वेळी लिहिलं नाही ते झालंच नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात.

तर २०२०चा उन्हाळा. बीपीच्या एका गोळीची चाचणी निघाली, पूर्णपणे घरबसल्या. गोळ्या आणि मशीन पोस्टाने येणार, रोजचे आकडे आपणच अ‍ॅपमध्ये भरायचे, दर पंधरा दिवसांनी नर्स व्हिडिओवर भेटणार. मला बीपी आहेच. मी नाव दिलं. इथल्या मराठी मंडळाचा गणपती त्या वर्षी झूमवर होता. आरतीनंतर मी हे सांगितलं, तर काय एकेकाचे चेहरे झाले! आपण काय उंदीर आहोत का? डॉक्टर समोर नाही, मग ती कसली चाचणी? आपली माहिती जाते कुठे? दिवसभर लोकांची माहिती हाताळून पगार घेणारी माणसं ही — आणि यांना भीती! मग मी सुनावलं. तुम्ही सकाळी जी गोळी गिळता, ती कुणीतरी आधी तुमच्यासाठी गिळून पाहिलीय. आता तुमची पाळी आली तर नेमकं तुमचं इंटरनेट कसं बंद पडतं? दहा मिनिटं बोलले. छान बोलले. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही.

त्या दहा मिनिटांनी एकच जण तयार झाली. मेधा. गावातच राहते, आयटीत आहे, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. स्वभावाने घाबरट. ताई घेतेय ना, मग मीही घेते, म्हणाली.

तीन आठवड्यांनी मला चक्कर यायला लागली. खुर्चीवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. एकदा तर स्वयंपाकघरात प्रेसचं — इथे कपाटाला प्रेस म्हणतात — दार धरून उभी राहिले, नाहीतर पडलेच असते. अ‍ॅपमध्ये रोज एक प्रश्न असायचा: आज चक्कर आली का? हो किंवा नाही. मी ‘नाही’वर खूण केली. का? झूमवरचे ते चेहरे आठवले म्हणून. बघा, आम्ही सांगत होतो ना — हे मला ऐकायचं नव्हतं. मी तोंडघशी पडायचं? मी?

मग नवरात्र आलं. नऊ दिवसांचे उपास मी लहानपणापासून करते. त्यात रिकाम्या पोटी ती गोळी — नको वाटली. नऊच्या नऊ दिवस घेतली नाही. मशीनही लावलं नाही. दसऱ्याच्या सकाळी चहा घेत बसले आणि नऊ दिवसांचे आकडे एका दमात भरले. अगदी खरे वाटतील असे, थोडे वर, थोडे खाली. माझ्याइतकं चांगलं ते कुणाला जमणार होतं? नर्स पडद्यावर आली, विचारलं, सगळं ग्रँड ना? — इथे छान चाललंय याला ग्रँड म्हणतात. मी म्हटलं, ग्रँड.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो कबुलीजबाब. नाही. मी अजून लपतेच आहे.

दसऱ्याच्याच आठवड्यात, माझी गोळी आणि चक्कर दोन्ही परत सुरू झाल्यावर, मेधाचा फोन आला. ताई, उठलं की गरगरतं गं. तुला होतं का असं?

मी म्हटलं, मला? मी ठणठणीत आहे. आणि तेवढ्यावर थांबले नाही. म्हटलं, तुझ्या मनाचे खेळ आहेत, मेधा.

झालं. तिने मनाचे खेळ समजून ‘नाही’वर खूण करायला सुरुवात केली, तिनेच मला तसं सांगितलं. पुढच्याच महिन्यात ती जिन्यावरून पडली. उजवं मनगट मोडलं, ऑपरेशन करून आत धातूची पट्टी घालावी लागली. हॉस्पिटलात तेव्हा कुणाला आत सोडत नव्हते, चार दिवस एकटी होती. नर्सला तिने सांगितलं, पायमोज्यावरून घसरले. मलाही तेच सांगितलं. धांदरटच आहे मी, ताई, म्हणाली. मी म्हटलं, जपत जा.

ते मनगट आजही पुरतं वळत नाही. पोळ्या तिचा नवरा लाटतो. पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या की ती सगळ्यांना हसून दाखवते — माझ्यासमोर.

२०२१च्या गुढीपाडव्याला मंडळाने मला झूमवर पुन्हा बोलायला लावलं: घरबसल्या चाचणी, माझा अनुभव. या वेळी बरीच नावं आली. तेव्हाही मला अभिमान वाटला. खरंच वाटला. मेधा पहिल्या चौकोनात बसून डाव्या हाताने अंगठा दाखवत होती.

कारखान्यात चूक दुरुस्त करायची एकच रीत आहे. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. शेजारी खरं काय ते लिहायचं. सही, तारीख. हे मी शेकडो लोकांना शिकवलंय. आज माझ्या कागदावर करतेय. दोन प्रती काढल्यात — एक चाचणीवाल्यांना, एक मेधाला.

नवरात्राचे नऊ दिवस: सगळ्या आकड्यांवर रेघ. शेजारी — गोळी घेतली नाही, मोजलं नाही.

चक्कर आली का? ‘नाही’वर रेघ. शेजारी — हो. मेधाने विचारलं, त्या दिवशीही.

खाली माझी सही आहे. तारीख आजची.