कंजूष कर्ण

तुमच्या दारातला उतार किती अंशांचा आहे, सांगू शकाल? आमच्या गणिताच्या बाई सांगतात, तेही न विचारता. त्रिकोणमिती घेऊन भांडणारं दुसरं माणूस कोल्हापुरात नसेल. लहानपणी पोलिओनं पाय गेले, तेव्हापासून बाई चाकाच्या खुर्चीवर. राजारामपुरीत घरीच दहावीच्या शिकवण्या घेतात, आणि बाहेर पडताना पर्समध्ये टेप असतोच. कापडाच्या दुकानात गेल्या तरी आधी पायरी मोजणार, मग साडी बघणार. एकदा दुकानदार छाती फुगवून म्हणाला, "रॅम्प हाय की, बाई!" तो रॅम्प त्यानं स्कूटर आत घालायला केलेला होता. बाईंनी टेपचं दुसरं टोक त्यालाच धरायला लावलं. "उंची दोन फूट, उतार चार. साइन एक छेद दोन. तीस अंश! पावणं, ही घसरगुंडी हाय. पाचाच्या आत पायजे. चोवीस फूट लागतील."

"चोवीस? रस्त्यावर येईल की वो!"

"मग वळवून घ्या. त्रिकोणाची तिरकी बाजू म्हणजे कर्ण. कर्ण दानशूर लागतो, तुमचा कंजूष हाय."

मी चळवळीसाठी पत्रकं लिहितो, तीही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. समतेवरचं एक मी मोठ्या अभिमानानं दिलं, तर म्हणाल्या, "समता लई हाय रे ह्यात. माप कुठं हाय?"

पण बाईंचं खरं भांडण कोल्हापूरच्या मायेशी आहे. आमची माया दंडात असते. बाई पायरीशी थांबल्या की चार गडी धावतात, "उचला रे!" बाई ओरडतात, "मी काय गणपती हाय व्हय?" लोक हसतात, आणि उचलतातच.

परवा त्यांच्या सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न झालं. तिच्यावर अक्षता टाकायला बाईंना स्वतः चाकं फिरवत आत जायचं होतं. कार्यालयाचा उतार मोजला, वीस अंश भरला. भाऊ काकुळतीला आला, "आक्का, आजच्या दिवस उचलू दे की."

"आजच्याच दिवशी नको," बाई हळूच म्हणाल्या. इतक्या हळू बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

त्या बाहेरच थांबल्या. मंगलाष्टका स्पीकरवरून ऐकू येत होत्या. शेवटच्या 'सावधान'ला त्यांनी दाराकडे मूठ उधळली. अक्षता पायऱ्यांवर पडल्या.

म्हणून एक करा. आपल्या दारातली पायरी मोजा आणि उंचीच्या बारा पट लांब उतार बांधा. त्यावरून एखादी खुर्ची चढू लागली, तर मागून हात लावू नका. वाट तेवढी सोडा.