वहिनीने कळवलेली खुशाली

आमच्या वहिनीला तोंडावर खरं बोलायची जराही भीड नव्हती. भर मांडवात नवरीच्या मावशीला ती सांगायची, “पातळ लय चांगलं हाय, पन तुमच्यावर नाई शोभत.” मी बारावीत कमी गुणांनी पास झाले तेव्हा सगळे माझी समजूत घालत होते. वहिनी म्हणाली, “अभ्यास नाई केला तू. बस झालं रडनं, पुढचं पाह्य.” म्हणूनच तिच्या शब्दावर माझा डोळे मिटून भरवसा होता. दादाने काही सांगितलं, तर मी आधी वहिनीला विचारायची.

बाबा लवकर गेले. समुद्रपूरहून एसटीने मला सावंगीला नेऊन नर्सिंगला घातलं ते वहिनीनेच. पुढे जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात नोकरी मिळाली. मायने दोन दिवस अन्न सोडलं. तेव्हा वहिनी म्हणाली, “जाऊ द्या तिले, माय. पोरगी शिकली ते काय घरी बसाले?” मायने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

माय तिच्याशी कधी नीट वागली नाही, हेही सांगायला हवं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मूल झालं नाही, आणि मायच्या लेखी ती ‘ए बाई’च राहिली. “ए बाई, पानी आन.” “ए बाई, शेगडी विझली.” वहिनी प्रत्येक हाकेला “आली, माय” म्हणायची.

दर रविवारी दुपारी आमचा व्हिडिओ कॉल असे. पडद्यावर माय दिसायची, तेल लावून केस नीट विंचरलेली. ती दोनच गोष्टी विचारायची. “जेवली का? थंडी हाय का तिकडं?” मग गप्प बसायची. वहिनीचा आवाज मागून यायचा, “तब्येत ठनठनीत हाय मायची. तू काळजी नको करू.” मला वाटायचं, माय फोनला बुजते. दिवसभर मी स्मृती हरवलेल्या म्हाताऱ्यांना भरवत होते, त्यांचे कपडे बदलत होते. कोण कुठपर्यंत विसरलं आहे, हे मला त्यांच्या चमचा धरण्यावरून कळायचं. माझ्या मायच्या हातात मात्र मला कधी चमचा दिसलाच नाही.

जवळजवळ चार वर्षांनी रजा मिळाली. दोन विमानं बदलून नागपूरला उतरले. संपूर्ण प्रवासात डोळ्याला डोळा लागला नाही. घरी गेल्यावर माय आधी रागावेल की आधी रडेल, एवढाच विचार मनात होता. दादा घ्यायला आला होता. जाम गावच्या चौरस्त्यापर्यंत तो रस्त्याबद्दल, कापसाबद्दल बोलत राहिला. मग समोर बघतच म्हणाला, “माय थोडी विसरते आता.”

“या वयात कोण नाही विसरत?” मी हसून म्हटलं.

माय ओसरीत खाटेवर बसली होती, शेजारी वहिनी. मी वाकून तिचे पाय धरले, तशी तिने ते झटकन ओढून घेतले. वहिनीचा पदर मुठीत धरला आणि तिच्या कानाशी लागून म्हणाली, “निशे, कोन होय हे बाई?”

निशा म्हणजे मी. माय हे वहिनीला विचारत होती.

“निशे, इले पानी दे,” माय पुन्हा म्हणाली. वहिनी उठली आणि पाणी घेऊन आली. माझ्याकडे न बघता पेला पुढे केला.

स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. “कधीपासून?”

“दोन वर्स झाले असतीन.”

“अन् रविवारी माय बोलायची ते?”

“मी फोनच्या मागं उभी राहून हळूच सांगत जाव. माय मंग तेच म्हने.”

“मी हेच काम करते तिकडे, वहिनी!”

“म्हनूनच त. जास्त बोल्ली असती त तू वळखलं असतं.”

“तू फसवलंस मला.” आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ‘तुम्ही’ सोडून ‘तू’ म्हटलं. तेही मला उशिरा लक्षात आलं.

“तुले सांगतलं असतं त तू नोकरी सोडून आली असती,” ती म्हणाली. मी कदाचित तेवढ्यावर शांत झाले असते. पण अर्धं बोलून थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. “आन खरं सांगू? पयल्यांदा तिनं मले निशे म्हनलं, तवाच मी नाई म्हनाले पाह्यजे होतं. पन म्हनलं नाई. पंधरा वर्स ‘ए बाई’ ऐकलं मी. तू आली असती त ते नाव गेलं असतं माहं.”

माझ्या मायची दोन वर्षं तिने स्वतःसाठी ठेवून घेतली होती.

रजेचे पाच आठवडे मी तिच्या चुका शोधत राहिले. मायच्या पाठीवर एक जखम नव्हती, नखं कापलेली, अंथरूण कोरडं. एकही चूक सापडली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. शिकलेल्या सगळ्या युक्त्या करून मी मायला भरवायला बसायची, ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. वहिनी नुसती समोर आली की तोंड उघडायची. मी निघाले त्या दिवशी माय पाहुणीला म्हणावं तसं म्हणाली, “येजो, बाई, परत.”

पुढच्या हिवाळ्यात माय गेली. मी पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. येणारी प्रत्येक बाई आधी वहिनीला पोटाशी धरायची, तिच्याजवळ बसायची. मला कुणीतरी खुर्ची दिली, चहा आणून दिला. आजनसऱ्याहून आलेल्या एका म्हातारीने वहिनीचा हात हातात घेतला. “लय केलं तू मायचं. लेकच होय तू तिची.”

वहिनीने हात सोडवून घेतला. डोळे सुजलेले होते, पण आवाज स्वच्छ होता. “नाई, मावशी. मी सून. लेक ते खुर्चीवर बसली हाय, निशा. एकच लेक होती मायले.”

सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. वहिनीने सतरंजीवर जरा सरकून माझ्यासाठी जागा केली. मी खुर्चीवरून उठले, पण त्या जागेपर्यंत माझ्याने जाववलं नाही.