प्रीअँप कोणाला लागतो?

मंडळी, गेल्या महिन्यात आपल्या या ऑडिओ-फोरमवर तुम्हा आचार्यांनी निर्णय दिला होता : संगणकातल्या आकड्यांचा ध्वनी करणारा डॅक घरात आला की आवाज लहान-मोठा करणाऱ्या मधल्या प्रीअँपचं काम संपलं. डॅक थेट स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अँपला जोडा, अद्वैत साधा.

मी साधलं. प्रीअँप सातिवलीच्या एका गाळेवाल्याला विकून टाकला. आवाज खरंच निर्मळ झाला. कमी-जास्त करायचा तेवढा संगणकावरून.

आज ऑफिसातून लवकर विरारला परतलो, तर बाबा शेजारच्या काकूंच्या दारात स्टूल टाकून त्यांचा खरखरता ट्रान्झिस्टर ऐकत बसलेले.

"घरात एवढं सगळं असताना इथे?"

"तू विकलेल्या त्या पेटीला बटण होतं. पिळलं की या कानांनाही ऐकू यायचं. तुझा संगणक मी चालवू?"

"मला सांगायचं ना."

"सांगितलं होतं. तू म्हणालास, आधी नीट ऐका तरी, किती शुद्ध आहे."

काकू म्हणाल्या, "असू दे हो, रोजच येतात."

रोजच. मला आज कळलं.

तर आचार्यहो, प्रीअँप लागतो का, यावर आपण पानंच्या पानं वाद घातला. कोणाला लागतो, हे विचारायचं आपल्यातल्या एकालाही का सुचलं नाही?