मिठागरातले अळणी बिरडे

पुण्याहून निघालेली एस.टी. घाट उतरू लागली, तेव्हा मांडीवरच्या डब्याचे झाकण उघडून मी वाल पुन्हा हुंगून पाहिले. मोड नखाएवढे आले होते. उन्हाने त्यांना वास लागला असता, तर माझा प्रयोग पनवेलला पोहोचण्यापूर्वीच संपला असता.

मी आहारशास्त्र शिकते. माझी वसतिगृहातली मैत्रीण कुंदा हिचे वडील पनवेलच्या खाडीकाठचे मिठागरवाले. रक्तदाब वाढून ते मागच्याच महिन्यात मिठागराच्या बांधावर चक्कर येऊन पडले होते. डॉक्टरांनी मीठ अगदी कमी करायला बजावले. पण अळणी जेवण समोर आले की ते ताट सरकवत. “मी त्यांना अळणी भाजी आवडीने खायला लावीन,” असे मी वसतिगृहात सर्वांसमक्ष म्हणून बसले होते.

सुट्टीला आधीच घरी आलेली कुंदा स्टँडवर भेटली. रिक्षातून जाताना खाडीच्या कडेने मिठाच्या पांढऱ्या राशी दिसू लागल्या आणि मी डब्याचे झाकण घट्ट दाबले.

तिच्या आईने, म्हणजे काकींनी, माझा डबा उघडून पाहिला. “पनवेलला वाल घेऊन आली! उद्या समुद्राला पानी आनशील गो बाय!”

मी बिरडे (सोललेल्या मोडाच्या वालांची रसभाजी) रांधायला घेतले. तेल चमचाभर, नारळ बेताचा, मीठ मुळीच नाही. मिठाची उणीव आंबटपणाने भरून काढायची, म्हणून मूठभर आमसुले टाकली. उकळी आल्यावर रस चाखला. रस खारट होता. आमसुले मिठात मुरवून वाळवतात, हे मी परीक्षेत लिहून आले होते!

रस ओतून दिला आणि वाल पाण्याखाली धरले.

“शिजलेलं बिरडं कोन धुतं?” काकी म्हणाल्या. कुंदा तोंड फिरवून हसली.

निम्मे वाल मोडले. नवे वाटण लावून, किसलेली कैरी घालून मी भाजी पुन्हा उकळली.

या घरात ताटात सर्वांत आधी मीठ वाढतात. आज ती जागा रिकामी होती. काका बसले, बोटे सवयीने त्या कोपऱ्याकडे गेली आणि नुसत्या स्टीलवर टेकली. त्यांनी भाकरीचा तुकडा रसात बुडवला.

“वाल कोनी मोडलं?”

“मी, काका.”

“आंबट बरा हाय. रस वाढ आनखी.”

मी दोन पळ्या वाढल्या.

संध्याकाळी काका आम्हांला मिठागर दाखवायला घेऊन गेले. बोलता बोलता ते वाकले, ताज्या राशीतली चिमूट उचलली आणि हात तोंडाकडे नेला.

“काका!” मी जवळजवळ ओरडले.

“मंग चाखल्याबिगर पारखू कसा?”

प्रत्येक रास ते अशीच जिभेवर पारखत होते. माझे सगळे गणित ताटापुरतेच होते. काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि ती चिमूट माझ्या तळहातावर ठेवली.

“मंग तू सांग.”

मी चाखले. आधी खारट, मग जिभेच्या मुळाशी काहीतरी वेगळे. “शेवटी कडवट लागते.”

“कडवट हाय? मंग कडू पानी निथळू दे अजून.” ते कुंदाकडे वळले. “उद्यापास्नं तुझी आयच चाखल हितं. तिची जीभ लय तिखट हाय, आजवर माज्यावरच चालवली!”

“घरी जाऊन सांगा हे,” कुंदा म्हणाली.

परतीच्या गाडीत रिकामा डबा मांडीवर होता आणि तो कडवटपणा अजून जिभेवर. काकांनी भाजी मागून खाल्ली, हे वसतिगृहात सांगता येणार होते. पण उद्या पहाटे, कोणी पाहत नसताना, मिठाची चिमूट त्यांच्या तोंडाकडे जाईल की काकींच्या तळहातावर, हे सांगणारे सूत्र मला कोणी शिकवलेले नव्हते.