बरोब्बर अकरा वाजता

आम्हा ख्रिस्ती लोकांत एक फार सोयीचं वाक्य आहे. “मी प्रार्थनेत आठवण ठेवीन.” कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या मुलीचं लग्न जमेना, की हे वाक्य तोंडातून आपोआप निघतं. ऐकणाऱ्याला बरं वाटतं आणि आपल्याला तिथून निघता येतं. माझ्या तोंडात तर ते इतकं बसलं होतं की एकदा रिक्षावाला गुडघा दुखतो म्हणाला, तेव्हा उतरता उतरता मी त्यालाही ते सांगून टाकलं होतं.

मी तरसालीच्या बाजूला एका खाजगी शाळेत हिंदी शिकवते. वडील रेल्वेत, नगरकडून बडोद्याला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, फाटकाबाहेर पाऊल टाकलं की गुजराती, आणि रविवारी सकाळी पुन्हा मराठी उपासना. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळाची मी बरीच वर्षं चिटणीस आहे. चिटणीस या शब्दाचा मला अभिमान आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शाळेत माझी एकच खरी मैत्रीण. ती आमची ग्रंथपाल. रोज डभोईहून बसनं येते. माझ्याच वयाची, पन्नाशी ओलांडलेली. मी तिला बेन म्हणते, तीही मला बेन म्हणते. दुपारी डबा आम्ही ग्रंथालयातच खातो. जेवणाआधी मी डोळे मिटते, तेव्हा ती भाकरीवरचा हात उचलून थांबते आणि माझे डोळे उघडले की विचारते, “थयुं?” झालं म्हटलं की मग आम्ही खातो. ती रोज पूजा करते, मी करत नाही, पण या विषयावर आमचा कधी वाद झाला नाही. वाद झाले ते लोणच्यात गूळ असावा का यावर.

मागच्या हिवाळ्यात तिच्या छातीत गाठ निघाली. अलकापुरीतल्या एका दवाखान्यात तुकडा काढून तपासणीला दिला. एका बुधवारी ती नव्या पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, “शनिवारे अगियार वागे रिपोर्ट छे. तमे आवशो?” शनिवारी अकराला रिपोर्ट होता, मी येईन का विचारत होती. नवऱ्याला नेण्यात अर्थ नव्हता. त्याचं डभोईला कापडाचं छोटं दुकान, माणूस देवमाणूस, पण सुई पाहिली तरी त्याला घाम फुटतो. डॉक्टर इंग्रजीत भराभर बोलतात आणि भीतीनं आपल्याला काही कळत नाही, म्हणून कुणीतरी शेजारी बसायला हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

शनिवारी महिला मंडळाची वार्षिक सभा होती. बाहेरगावहून पाहुण्या येणार होत्या. अहवाल मी वाचणार होते, चार दिवस त्यावर खपले होते, साडीसुद्धा ठरली होती. मी म्हटलं, “अरेरे बेन, त्या दिवशी नेमकी आमची सभा आहे. पण मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन.” एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तिचा चेहरा उतरलेला पाहून मी आणखी एक टाका घातला. “बरोब्बर अकरा वाजता करीन.”

तिनं मान हलवली. “तो बस,” मग झालं तर, असं म्हणाली आणि पुढचं पुस्तक घेतलं.

शनिवारी अकरा वाजता मी काय करत होते ते मला चांगलं आठवतं, कारण भांडत होते. चहा पाहुण्यांच्या भाषणाआधी द्यायचा की नंतर, यावर खजिनदारबाईंशी माझी जुंपली होती. त्या म्हणत होत्या नंतर, मी म्हणत होते आधी, आणि भिंतीवरचं घड्याळ आम्हा दोघींच्या डोक्यावर होतं. मी त्यात वेळही पाहिली, सभा सुरू करायला उशीर होतोय म्हणून. बेनची आठवण काही झाली नाही. अहवालाला टाळ्या मिळाल्या. घरी येऊन मी गाढ झोपले.

आठवण झाली ती दुसऱ्या दिवशी उपासनेत, पाळकांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली तेव्हा. मी घाईघाईनं डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थना केली आणि वर देवाला सुचवलंही की तुला काळाचं बंधन नाही, तेव्हा ही कालच्या अकराची धरावी. असले कायदे काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

सोमवारी ती शिक्षककक्षात पेढे घेऊन आली. गाठ साधी निघाली होती. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तो आनंद खोटा नव्हता. मग ती सगळ्यांसमोर सांगू लागली. बाहेर बाकावर बसले होते, नजर घड्याळावर होती. अकरा वाजले आणि वाटलं, आता बेननं हात जोडले असतील, आता मी एकटी नाही. भीती गेली, डॉक्टरांचं सगळं बोलणं नीट कळलं. आमच्यात याला साक्ष म्हणतात. इतकी मनापासून दिलेली साक्ष मी मंडळीतही फार ऐकलेली नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि माझ्या तोंडात पेढा होता. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

तेव्हापासून माझं स्वास्थ्य गेलं. खेळाच्या सरांनी मुलीच्या व्हिसासाठी प्रार्थना करायला सांगितलं. शिपाईकाकांनी सासूच्या मोतीबिंदूसाठी. मुख्याध्यापिकाबाईंनी तर शाळेच्या तपासणीची तारीख आणि वेळ कागदावर लिहून दिली. मी प्रत्येकासाठी अगदी वेळेवर प्रार्थना करू लागले, मोबाईलमध्ये गजर लावून. पण त्यानं बरं वाटेना. डबा खाताना डोळे मिटले की “थयुं?” ऐकू यायच्या आधीच माझे डोळे उघडत. वर्गात चिडचिड व्हायची. एका मुलीला शुद्धलेखनावरून उगाच रडवलं.

शेवटी नवऱ्याला सांगितलं. ते रिफायनरीतून निवृत्त झालेले, कुठलीही गोष्ट आधी सुरक्षिततेच्या बाजूनं पाहतात. म्हणाले, “रिपोर्ट चांगला यायचा तो आला. तू सांगितलंस तर तुझं पोट मोकळं होईल, आणि तिच्याकडे जो आधार आहे तो जाईल. हे कुणासाठी करायचंय ते आधी ठरव.” मला राग आला, कारण त्यांचं बोलणं खोटं पाडता येईना. पापकबुली म्हणतात ती कधी कधी नुसता आपला भार दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं असतं, हे मलाही कळत होतं. मी गप्प बसायचं ठरवलं. ठरवलं, पण जमलं नाही. सकाळी कमाटीबागेत फिरायला जायची, तिथं नवरा मागे राहील इतक्या भरभर चालायची.

तिथंच एकदा मनात आलं की वधस्तंभासाठी धरून नेण्याआधी, त्या रात्री अशाच एका बागेत प्रभूनंसुद्धा मित्रांना सांगितलं होतं, इथं माझ्याजवळ थांबा. त्याला स्वर्गातल्या बापाशी बोलता येत होतं, तरी जवळ माणसं हवी होती. हा भाग मी महिला मंडळात कितीदा वाचला असेन. मित्र झोपी गेले यावर दर वेळी हळहळलेही असेन. बेननंही एवढंच मागितलं होतं, आणि मी तिला सभेचं कारण दिलं. प्रार्थना विसरले हा तर पुढचा भाग झाला. आधी मी गेले नव्हते. गेले असते तर अहवाल खजिनदारबाईंनी वाचला असता, आणि मला तेवढंच सोसणार नव्हतं.

सहा महिन्यांनी तिला पुन्हा तपासणीला बोलावलं. दुसऱ्या बाजूला काहीतरी दिसत होतं, पुन्हा तुकडा, पुन्हा रिपोर्ट. मी लगेच म्हटलं, “या वेळी मी येते. रजा टाकते.” ती हसली. म्हणाली, छे, तमारे आववानुं नथी, तुम्ही यायचं नाही. तिचा नवराही म्हणत होता, बेनना सोबत ने. पण तिनं त्याला सांगितलं होतं की बेन आली तर तिथं माझ्याशी बोलत बसेल, प्रार्थना कोण करणार? ती घरून करते तीच चालते. रिपोर्ट गुरुवारी होता. वेळ पुन्हा अकराची, तिनं मुद्दाम मागून घेतलेली.

म्हणजे माझ्या खोटेपणामुळे ती दुसऱ्यांदा त्या बाकावर एकटी बसणार होती, आणि या वेळी हौसेनं. हे कुणासाठी करायचं, हा माझ्या नवऱ्याचा प्रश्न आता उरला नव्हता. मी ग्रंथालयाचं दार लोटलं. ती डबा सोडत होती. मी बसले नाही, बसले असते तर बोलले नसते. म्हटलं, “बेन, मागच्या वेळी मी प्रार्थना केली नाही. विसरले. अकरा वाजता मी चहावरून भांडत होते. दुसऱ्या दिवशी आठवलं. तुम्ही पेढे आणलेत, तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.”

ती चिडेल असं वाटलं होतं. हसून सोडून देईल अशीही एक लबाड आशा होती. तिनं डब्याचं झाकण पुन्हा लावलं. मग तिनं वर पाहिलं आणि अगदी हळू, हिशेब विचारल्यासारखं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “तो ते दिवसे हुं एकली ज हती?” म्हणजे त्या दिवशी ती एकटीच होती का.

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. असं कसं बेन, देव होता ना तुमच्याबरोबर. इतकी वर्षं मी ते घरोघरी वाटत आले आहे, दवाखान्यांत, मयताच्या घरी, फोनवर. ते खरंही आहे, माझा त्यावर विश्वास आहे. पण त्या घडीला ते माझ्या तोंडून निघालं असतं तर मी पुन्हा एकदा दारातून निसटले असते. मी ते गिळलं.

“हो,” मी म्हटलं.